दयानंदची साक्ष

“न्हाई,” ज्योत्स्ना म्हणाली.

विष्णुपुरी धरणाच्या पाण्यात ती कमरेइतकी उभी होती. बाप्तिस्मा द्यायला पास्टरांनी एक हात तिच्या पाठीशी धरला होता. येशूवर तुझा विश्वास आहे का, एवढंच त्यांनी विचारलं होतं. मुखेडहून टेम्पो भरून आलेली मंडळी काठावर गाणं म्हणत होती. ती एकेक करून गप्प झाली.

तिला ऐकू आलं नसेल असं समजून पास्टरांनी उजव्या कानाशी पुन्हा विचारलं. डावा कान बहिरा, हे साऱ्या मंडळीला ठाऊक होतं. नसून कसं चालेल? तिचा बाप दयानंद सतरा वर्षं दर रविवारी तीच साक्ष देत होता. मी लई प्यायचो. देवानं लई वाट पाहिली, लई वेळा बजावलं. मी ऐकलं न्हाई. मग त्याचा कोप माझ्या घरावर उतरला अन् दोन वर्षांच्या लेकराचा कान गेला. त्याच दिवशी बाटली सोडली. लोक डोळे पुसत. ही साक्ष ऐकून तिघांची दारू सुटली होती, त्यातला एक तर तालुक्यात नावाजलेला पिणारा. दयानंद बोलायचाही छान. रडायच्या जागासुद्धा ठरलेल्या होत्या. त्याची बायको उमाबाई तेवढी, साक्ष सुरू झाली की चहाचं आधण ठेवायला उठायची.

“प्यायले पप्पा,” ज्योत्स्ना म्हणाली. “अन् देवानं कान घेतला माझा. मी काय केलं व्हतं? प्रार्थनेला बसले की भ्याच वाटतं, आता अजून काय घेतो म्हणून. अशा देवाला मी व्हय कशी म्हणू?”

पास्टरांनी तिच्या पाठीशी धरलेला हात काढून घेतला. पोरगी लहानपणापासून देवाला घाबरत जगली आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही, याची त्यांना लाज वाटली.

काठावर उमाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. या वेळी ती उठून गेली नाही.

दयानंद चपलांसकट पाण्यात उतरला. एक चप्पल चिखलात अडकली, ती त्यानं तशीच सोडली. तो रडत होता. साक्षीतलं त्याचं रडणं मंडळीच्या ओळखीचं होतं. हे तसं नव्हतं. लेकीसमोर तो हात जोडून उभा राहिला.

“देवाचा राग अजून आलाच न्हाई, माय,” तो म्हणाला. “त्या दिशी तुझ्या कानफटात मारली ती म्या.”