वाकडा पंख

थंडर बे शहरातल्या कारखान्यात लॉर्ना नकली हातांची कवचं संगणकावर घडवायची. तिच्याकडे आलेल्या ऑर्विलचा उजवा हात लाकूड कापायच्या गिरणीत गेला होता. त्यावर गोंदलेला पक्षी जुन्या फोटोत शाबूत होता. तोच तिनं नव्या हाताच्या गोलाईवर चढवला. सपाट चित्र गोलावर चढवलं की ताणलं जातं, म्हणून पंख वाकडा दिसताच तिनं सवयीनं सरळ केला आणि थ्रीडी यंत्रावर कवच छापलं. ऑर्विलनं ते निरखलं. "पक्षी झकास आहे, पोरी, पण माझा नाही. माझ्या लेकीनं चौथ्या वर्षी काढलेला तो. पंख मुळातच वाकडा होता." लॉर्ना ओशाळली. तिनं पंख पुन्हा वाकडा करून नवं कवच छापलं. ते चढवताच ऑर्विलचा डावा हात आपसूक पंखावर गेला आणि खाजवू लागला. "उपकार झाले, पोरी. गेलेला हात अजून खाजतो. आज कुठे खाजवायला जागा मिळाली."