रडकी पेटी

अपुऱ्या दिवसांची बाळं एकवेळ गप्प राहायची, पण त्यांच्या वॉर्डातली पाच नंबरची काचपेटी ऊठसूट बोंबलायची, "तापमान घसरलं!"

"बाळांना मी झोपवते, तुझ्या पेटीला कोण झोपवणार?" सिस्टर टेक्निशियनला टोमणे मारायच्या.

सेन्सरच बिघडलाय असं ठरवून त्याने त्या पेटीला शेजारच्या पेटीचे आकडे दाखवायला लावले. पेटी गप्प, सिस्टर खूश, आणि हा सुट्टीवर.

बस सुटते न सुटते तोच भावोजींचा फोन आला. "मामा झालास रे! तुझ्या ताईला सातव्यातच कळा आल्या. बाळ तुझ्याच वॉर्डात आहे."

"कितव्या पेटीत?" त्याने कसंबसं विचारलं.

 

"पाच नंबर. सिस्टर म्हणाल्या, फार गुणी बाळ आहे, ठेवल्यापासून पेटी एकदाही वाजली नाही!"