गोळीत काय होतं

शालन पोवार सहा महिन्यांच्या मुलीला घेऊन रुग्णालयाच्या संशोधन कक्षात आली. पीसीओएस या पाळीच्या विकारावरच्या नव्या औषधाची चाचणी संपली होती. कोणाला खरं औषध मिळालं आणि कोणाला नुसती साखरेची गोळी, हे आज सहभागी बायकांना कळणार होतं.

लग्नानंतर नऊ वर्षं शालनला मूल नव्हतं. पाळीही चार-चार महिने यायची नाही. चाचणीच्या पाचव्या महिन्यात तिला दिवस गेले.

"माझ्या जावेलाही त्याच गोळ्या द्या, मॅडम," ती म्हणाली. "तिलाही हाच त्रास आहे."

डॉ. केळुसकरांनी यादी दोनदा तपासली. "शालनताई, तुमच्या गोळ्यांमध्ये औषध नव्हतं."

"मग ही कशी झाली?"

"कधीकधी बीज आपोआप तयार होतं. का, ते आम्हालाही अजून नीट कळलेलं नाही."

शालनने मुलीचं टोपडं सारखं केलं.

"सासूबाई गावभर सांगतात, पोर औषधाचं आहे, हिच्या अंगात काही नव्हतं," ती म्हणाली. "मी सांगून त्यांना पटायचं नाही. तुम्ही सांगाल?"

डॉक्टरांनी सासूबाईंचा फोन नंबर विचारला.