चंद्राचा पाट

भाऊबीजेला दिवेलागणीच्या वेळी हेमलतानं सवयीनं पाट मांडला, भोवती रांगोळीही काढली, आणि आपण काय करून बसलो हे तिच्या मगच ध्यानात आलं.

"आई, पाट कुणासाठी गं?" निरांजनाचं ताट घेऊन आलेल्या मुक्तानं विचारलं. "मला कुठे भाऊ आहे?"

थोरल्या भावानं, निनादनं, मुक्ताला कडेवर खेळवून मोठं केलं होतं. पुढे तो टोळीत शिरला. त्यांनी मिळून एका रखवालदाराला ठार मारलं, ते हेमलतानं डोळ्यांनी पाहिलं आणि कोर्टात सांगितलं. टोळीपासून वाचवायला सरकारनं घराला नवं गाव दिलं, नवं आडनाव दिलं. बाप पोराला भेटायला तुरुंगात जाईल, बहीण त्याला शोधत फिरेल, म्हणून दोघांच्या डोक्यातून निनाद पुसून टाकला. साक्षीदाराची आठवण मात्र अपिलाचा निकाल लागेपर्यंत पुसता येत नव्हती.

"चंद्रासाठी," हेमलता म्हणाली. "भाऊ नसला की चंद्राला ओवाळतात."

गच्चीवर मुक्तानं कोवळ्या चंद्रकोरीला ओवाळलं. तिचा बाप सुधाकर कौतुकानं बघत होता.

"आपल्याला एखादा मुलगा हवा होता गं," तो म्हणाला. "पोरीला किती हौस आहे बघ."

हेमलतानं मान खाली घातली. पोटच्या पोराविरुद्ध साक्ष देतानाही तिनं ती घातली नव्हती. पण निकाल लागला की निनादला विसरायची तिचीही पाळी येणार होती, आणि त्या दिवसाची ती चातकासारखी वाट बघत होती.