तो नाही हा

"तो नाही हा," शैलाताईंनी पेरूची एकच फोड चाखून बशी बाजूला सारली.

विश्वेशने बशी उचलून ओट्यावर ठेवली. बाबा गेल्यापासून आईने जेवणातलं लक्षच काढून घेतलं होतं. समोर बसून आग्रह केला तर दोन घास, नाहीतर तेही नाही. मागच्या रविवारी मात्र तिने अख्खा पेरू संपवला होता आणि विचारलं होतं, "आणखी आहे?" म्हणून त्याने इंदिरानगरच्या त्याच दुकानातून पुन्हा बॉक्स आणला होता.

त्याने नव्या बॉक्सचं लेबल उलटसुलट वाचलं. वजन, किंमत, पॅकिंगची तारीख, वर क जीवनसत्त्वाची जाहिरात. हा पेरू कुणाच्या बागेतला, तेवढं मात्र कुठे नव्हतं. दुकानदाराला फोन केला, तर तो म्हणाला, "माल चार ठिकाणांहून येतो साहेब. आम्ही कुठे लक्षात ठेवतो?"

जुना बॉक्स फ्रिजमध्येच होता. त्याच्या बायकोने, स्वरदाने, त्यात कोथिंबीर ठेवली होती. विश्वेशने ती ओट्यावर काढली आणि बॉक्स पालथा केला. खाली ओलसर चिठ्ठी चिकटलेली होती. सहादू नावाच्या शेतकऱ्याचा पत्ता, सिन्नरजवळचं एक गाव आणि मोबाइल नंबर.

फोन एका बाईने उचलला.

"तक्रार असंल तर दुकानात सांगा. आमी आता माल देत नाय."

"तक्रार नाही, मावशी. माझे वडील गेले, तेव्हापासून आई नीट जेवत नव्हती. तुमचा पेरू तिने आवडीने खाल्ला. तुमचे आभार मानायचे होते. अजून मिळाले तर बरं होईल."

पलीकडे ती कुणाला तरी "थांबा जरा" म्हणाली.

"आईला घेऊनच या," बाई म्हणाली.

पुढच्या रविवारी ते तिघं गेले. फोनवरच्या बाई म्हणजे सुलाबाई, सहादूंची बायको. त्यांनी झाडाखाली गोधडी अंथरली, पेरू चिरून वर मीठ भुरभुरलं. शैलाताईंनी खाल्ला. मग सुलाबाईंच्या घरून भाकरी आणि वांग्याची भाजी आली, तीही कुणी आग्रह न करता खाल्ली. स्वरदा दुसरीकडे बघत डोळे पुसत होती.

निघताना शैलाताईंनी सुलाबाईंचा हात हातात घेतला.

"तुमचे फार उपकार झाले. मला पुन्हा भूक लागायला लागली."

"माझे कसले उपकार, ताई?" सुलाबाई म्हणाल्या. "आमचे मालक गेले, तवापासून या बागेत पाय ठेववत नव्हता. शेवटचा माल गड्यांनीच काढून दिला, मग झाडं तोडायला माणसं बोलावली व्हती. ती करवत घेऊन बांधावर उभी राहिली, आन् तुमच्या लेकाचा फोन आला."