वाटणीचा अभ्यास

सरांनी विज्ञानाचे पेपर वाटले आणि पूर्वीचा चेहरा पडला. आम्लांच्या प्रश्नावर नुसत्या लाल रेघा. आम्लात लाल लिटमस निळा होतो, असं तिने ठासून लिहिलं होतं. नेमकं उलटं.

तसं तिला नेत्रानेच सांगितलं होतं.

नंदाखाल गावातल्या या दोघी मैत्रिणी पाचवीपासून धडे वाटून घ्यायच्या. अर्धे हिने वाचायचे, अर्धे तिने, आणि मग केळीच्या वाडीत बसून एकमेकींना समजावायचे. ऐकलेला धडा पुन्हा पुस्तकात बघायचा नाही, हा नियम. बघितला तर मैत्री कसली? या सवयीवर आठवीपर्यंत दोघींनी पहिले दोन नंबर सोडले नव्हते. सर वर्गाला त्यांचंच उदाहरण द्यायचे.

या वेळी मात्र विज्ञानात पहिली येणारी एकटीच पुण्याच्या शिबिराला जाणार होती. पूर्वीने मेहनतही तशीच घेतली. हृदयाचा धडा तिच्या वाट्याला आला होता. केळीच्या पानावर नखाने चारही कप्पे काढून तिने तो नेत्राच्या अगदी गळी उतरवला होता.

तिने नेत्राचा पेपर ओढून घेतला. आम्लं बरोबर. हृदयाला तर पैकीच्या पैकी. त्या उत्तराकडे ती बघतच राहिली.

“मला मुद्दाम उलटं सांगितलंस?”

“एकच जाणार होती ना गं,” नेत्रा खाली बघत म्हणाली.

घरी पोचताच पूर्वीला रडू फुटलं. तिची आई मालन ओट्यावर भाजीच्या जुड्या बांधत होती. सगळं ऐकून तिचे हात थांबले.

“केसाने गळा कापला की पोरीने! आणि तू बसलीस तिला जीव तोडून शिकवत.”

“मी पुस्तक उघडूनसुद्धा बघितलं नाही, आई. एवढा विश्वास ठेवला!”

“आपण भोळी माणसं, बाय. जग तसं नसतं.” मालनने पदराने तिचे डोळे पुसले.

पूर्वीला आणखीच हुंदका आला. आईला कसं सांगायचं? शुद्ध रक्त हृदयाच्या उजव्या बाजूला असतं, असं तिने इतकं पटवून सांगितलं होतं, तरी त्या कार्टीने पेपरात बरोबर डावीच बाजू लिहिली. म्हणजे नेत्राने तिच्यावर कधी विश्वास ठेवलाच नव्हता!