मारून खेळ

शेवटच्या दिवशी चहापानानंतरही 'कुलूप' खेळपट्टीवर होता. खेळत होता म्हणणं धाडसाचं ठरेल. येईल तो चेंडू पायाशी पाडत होता. सामना जिंकायची आशा केव्हाच संपली होती, आता तो नुसता वाचवायचा होता, आणि अशा वेळी सगळ्यांना कुलपाची आठवण होई. एरवी त्याची फलंदाजी बघायला हौसेनं येणारी एकच व्यक्ती होती, त्याची बायको. ती आज इस्पितळात, अतिदक्षता विभागात होती. सकाळी तिनंच त्याला पिटाळलं होतं.

"इथे तोंड पाडून बसू नकोस. जा, दिवसभर टिकून दाखव. मीपण टिकते."

नियमाप्रमाणे त्याचा फोन मॅनेजरच्या पेटीत बंद होता.

यष्टिरक्षकाच्या तोंडाचा पट्टा सकाळपासून चालू होता. "काका, एखादी धाव काढा की! लोक झोपलेत, दचकून उठतील बिचारे."

तेवढ्यात राखीव खेळाडू नवे ग्लोव्हज घेऊन धावत आला. ते कुणी मागितलेच नव्हते. वाटेत तो पंचांच्या कानाशी काहीतरी बोलला.

"दादा, कॅप्टन म्हणतोय, मारून खेळ."

"आज? काल एक फटका मारला तर तासभर झापलंन् मला!"

"आज मार. आउट झालास तरी चालेल."

"आणि सामना?"

"खड्ड्यात गेला सामना," तो म्हणाला आणि मान खाली घालून परतला. ग्लोव्हज त्याच्याच हातात राहिले.

पंच प्रतिस्पर्धी कर्णधाराशी बोलले, कर्णधार यष्टिरक्षकाशी. पुढचा चेंडू कुलपानं पाडला. मागून चकार शब्द आला नाही.

"काय रे, दमलास?"

यष्टिरक्षकानं त्याच्याकडे बघायचं टाळलं. "नाही. तुम्ही खेळा."

कुलपानं वर पाहिलं. ड्रेसिंग रूमच्या बाल्कनीत सगळा संघ उभा होता. तो खेळत असताना एरवी तिथे पत्ते रंगत. आता बाद झालं की त्या पायऱ्या चढाव्या लागणार होत्या.

दिवसभर आग ओकणाऱ्या गोलंदाजानं या वेळी लेकराला टाकावा तसा अलगद फुलटॉस टाकला. डोळे मिटूनही सीमापार गेला असता.

कुलपानं पाय पुढे टाकला, मान खाली घातली आणि बॅट सरळ धरली. चेंडू तिथेच, बुटाशी निपचित पडला.

तो उचलायला कुणी पुढे आलं नाही. त्यानं घाम पुसला आणि पंचांकडे पुन्हा मधल्या यष्टीचा गार्ड मागितला.